मोरीतला पांढरा गोळा

इनामदारांना वनस्पती तुपाशिवाय घास उतरत नसे. "छाती जपा," म्हणणाऱ्या वैद्यबुवांना त्यांनी घराबाहेर काढलं होतं. ऐन थंडीत स्वयंपाकघरातली मोरी तुंबली, तसे ते स्वयंपाकीणबाईंवर कडाडले, "सगुणाबाई, मोरीत काय ओतलंत? खरं सांगा, नाहीतर उद्यापासून येऊ नका!"

सगुणाबाईंनी काठीनं मोरीतून पांढराफटक गोळा ओढून काढला. "तुमच्या ताटांना लागलेलं तूप थिजलंय, सरकार."

"एवढं?"

"हे नुसतं ताटांचं धुवण. बाकीचं तुमच्या पोटात गेलंय. मोरीत माझी काठी तरी जाते, तुमच्या छातीतलं कशानं काढू?"

इनामदारांचा हात आपसूक छातीवर गेला.

"आज बिनतुपाची भाकरी करा," ते हळूच म्हणाले, "आणि वैद्यबुवांना बोलावणं धाडा."