तुंबेमाळावरचा चौथा बाण

"कंडक्टरबाई? आमच्या संघात? अहो, वर्षभर घाम गाळलाय आम्ही!"

"मग मला कुठं हौस आहे? माझी गाडी उभी आहे फाट्यावर. हे घ्या तुमचं धनुष्य, मी चालले."

"बघा! त्यांना नकोय, आम्हाला नकोय. मग हा हट्ट कुणाचा?"

"माळाचा," पंच म्हणाले. "चौथा बाण नेमकऱ्याचाच. माळावर खेळायचं तर माळाचं ऐकायचं."

यंदाच्या चैत्रातले हे भांडण. एका बाजूला तालुक्याच्या संघाचा कप्तान हेरंब पाठारे, अंगात बाराबंदी, कमरेला शेला आणि डोळ्यांवर काळा चष्मा. दुसऱ्या बाजूला एस.टी.च्या कंडक्टर कुंदा रणपिसे, खांद्याला तिकिटाचे मशीन. आणि मधे बिचारे पंच, ज्यांचे दरवर्षी कोणीतरी डोके खातेच.

तुम्ही पाहुणे आहात, तेव्हा आधी माळ बघून घ्या. ही समोरची सोंड तुंबेगडाची. वर पडका दरवाजा दिसतो, त्याच्या खाली वरची वाडी. या अंगाला उतारावर खालची वाडी. दोन्हींच्या मधे जांभळीची झाडे आहेत, तिथे झरा. झऱ्याला लागून हे सपाट मैदान, तो तुंबेमाळ. इथे आमच्या तिरंदाजी मंडळाचा इतिहास-सामना होतो. प्रत्येक संघ गडावरच्या एखाद्या चौकीचे नाव घेतो, तसा वेष करतो: कोणी दरवाजा, कोणी बुरूज, कोणी चोरवाट. संघात चार जण. तिघे शिकलेले, सरावाचे. चौथा मात्र असा हवा, की जो त्या दिवशी माळावर दुसऱ्याच कामाने आलेला आहे. त्याला म्हणायचे नेमकरी. त्याच्या हाती धनुष्य देण्याआधी पंच विचारतात, "नेम कशाचा?" त्याने आपले काम सांगायचे आणि बाण सोडायचा. लागो न लागो, तो मोजतात.

हेरंबचा संघ पुढे होता. बक्षिसाची ढाल हाताशी आली होती, आणि शेवटचा बाण जिने जन्मात धनुष्य धरले नाही अशा बाईच्या हाती जाणार होता. पोरगा चिडला तर नवल नाही. पण तो म्हणाला, "ही प्रथा कुठं लिहिलेली आहे का? की कुणाच्या तरी मनात आलं आणि सुरू केलं?"

तेव्हा मी त्याला म्हटले, "बस खाली. चष्मा काढ. कुंदाबाई, तुमचा ड्रायव्हर चहाला गेलाय, तो काही लगेच उठत नाही. तुम्हीही बसा."

लिहिलेले नाही म्हणून खोटे, असे म्हणणाऱ्याने आधी लिहायला कोण बसले होते ते पाहावे. ही प्रथा जिच्यापासून आली त्या ठकूला लिहीत बसायला वेळ नव्हता. तिला पाणी भरायचे होते.

असे सांगतात, की गड जागता होता तेव्हाची ही गोष्ट. राज्य कोणाचे होते यावर दोन मते आहेत, मी त्यात पडत नाही. गडाची राखण दोन्ही वाड्यांकडे. तिरंदाज दोन्हीकडे नामी. आणि वैरही दोन्हीकडे तेवढेच नामी, कारण झरा एक. वरची वाडी म्हणे, पाणी आमच्या अंगाने येते म्हणून आमचे. खालची म्हणे, पाणी आमच्या अंगाला वाहते म्हणून आमचे. पाणी बिचारे काहीच म्हणत नव्हते.

या रोजच्या कटकटीला गडाचा हवालदार सुभानजी विटला. त्याने एका चैत्रात झऱ्याभोवती काट्यांचे कुंपण घातले, पहारा बसवला आणि दवंडी दिली: दोन्ही वाड्यांनी चार-चार तिरंदाज द्यावेत. सोमवारी माळावर सामना. जिंकेल त्या वाडीचा झरा, हरेल तिने गडामागच्या ओढ्याला जावे. तोवर झऱ्याला कोणी हात लावायचा नाही.

आता निशाण कशाचे करायचे? वरच्यांनी काही आणले तर खालचे म्हणणार लबाडी आहे, खालच्यांनी आणले तर वरचे म्हणणार. सुभानजी म्हणाला, "दोन्हीकडं सारखं असेल ते आणा." दोन्हीकडे सारखे एकच होते: तुंबे. वाळवून पोकळ केलेले दुधी भोपळे. या कड्याच्या वाटेने मातीचा घडा नेला तर निम्म्या वाटेत खापऱ्या होतात. म्हणून घरात माठ, पण झऱ्यावरून पाणी आणायला तुंबा. हलका, पाठीला बांधला की हात मोकळे.

मग काय! "त्यांनी पाच दिले? आपण दहा देऊ! आपल्याकडं काय कमी आहेत?" चढाओढीत घराघरांतला एकूण एक तुंबा माळावर आला, आणि निम्मे तर सरावातच फुटले म्हणे. बायका ओरडत होत्या, पण त्या आठवड्यात बायकांचे ऐकायचे नाही असे दोन्ही वाड्यांचे एकमत झाले होते. तेवढे एकच एकमत.

ठकू ही वरच्या वाडीची लेक, खालच्या वाडीची सून. तिची मुलगी तापाने फणफणली होती तेव्हा तिने झऱ्यावरच्या महादेवाला बोलून ठेवले होते, की पोर उठली तर दर सोमवारी झऱ्याची कळशी पिंडीवर घालीन. पोर उठली. तेव्हापासून ठकूचा सोमवार चुकला नव्हता. पाऊस, बाळंतपण, सासूचे दुखणे, काही आडवे आले नाही. आता मात्र झऱ्यालाच कुंपण पडले. खालची वाडी हरली तर खालच्या सुनेला झऱ्यावर पाऊल टाकता येणार नव्हते, म्हणजे तिचा नेम कायमचा मोडणार. आणि जिंकली तर? तर तिची म्हातारी आई वरून गडामागच्या ओढ्याला जाणार. ठकूला कुठल्याही बाजूने जिंकण्यात सुख नव्हते. तिला तिचा सोमवार हवा होता.

आणि त्यात तिचा नवरा धोंडू. खालच्या वाडीचा चौथा तिरंदाज. हा गडी सामन्याच्या आदल्या दिवशी मध काढायला गेला! "नजर तेज होते मधाने," म्हणाला. माश्यांनी असा फोडला की दोन्ही डोळे पुरणपोळीसारखे फुगले. नजर राहिली बाजूला, डोळेच उघडेनात.

सामना सुरू झाला. वरच्यांचा एक, खालच्यांचा एक. तुंबा फुटला की इकडे ढोल, पुढचा फुटला की तिकडे ढोल. तीन-तीन बाण झाले, सारे लागले. वरच्यांचा चौथा म्हणजे रायाजी, ठकूचा सख्खा थोरला भाऊ. त्याचा चुकेल कसा? त्याचाही लागला. आता झाडाला शेवटचा तुंबा टांगला आणि सुभानजीने हाक दिली, "खालची वाडी, चौथा कोण?"

खालची वाडी जमिनीकडे बघायला लागली.

"नसेल तर झरा वरच्यांचा. बोला लवकर, ऊन डोक्यावर आलं."

तेवढ्यात गर्दीतून एक बाई पुढे आली. काखेत तांब्याची कळशी, माहेराहून आणलेली, पूजेपुरतीच वापरायची. ती ना सुभानजीकडे बघत होती ना तुंब्याकडे. तिचे डोळे कुंपणाकडे.

"वाट सोडा," ठकू म्हणाली. "माझा नेम आहे."

सुभानजी शिपाईगडी. त्याला नेम म्हटले की एकच नेम ठाऊक.

"तुझा नेम आहे? मग एवढा वेळ कुठं होतीस? धर!" आणि त्याने तिच्या हातात धनुष्य दिले.

खालच्या वाडीने तोंडातून ब्र काढला नाही. खुलासा केला असता तर झरा गेला असता. रायाजी मात्र पोट धरून हसायला लागला. "अगं ठके, ती चुलीची फुंकणी नव्हे! कुठून धरतात ते तरी ठाऊक आहे का?"

ठकूला खरे सांगून टाकता आले असते. ती सांगणारच होती म्हणे. पण भाऊ हसला, आणि आमच्याकडची बाई हसणाऱ्यापुढे माघार घेत नाही. तिने कळशी खाली ठेवली, पदर खोचला.

"दादा, तू जरा बाजूला हो," ती म्हणाली. "तुला लागला तर आईला काय सांगू मी?"

आता पुढे काय झाले असेल असे तुम्हाला वाटते? बाण दगडात शिरला आणि पाण्याची धार फुटली? तसे दुसऱ्या गावांत होते. तिथले लोक नशीबवान. आमच्या ठकूने डोळे मिटले, होती नव्हती ती ताकद लावून दोरी ओढली आणि सोडली. बाण तुंब्याकडे गेलाच नाही. तो गेला सुभानजीच्या डोक्यावरून, आणि जाताना त्याचे पागोटे घेऊन उंबराच्या खोडात जाऊन रुतला. खाली सुभानजीचे टक्कल उन्हात लखलखले.

ढोलवाल्यांचे हात वरच्या वर. हवालदाराचे पागोटे पाडणे म्हणजे थट्टा नव्हे.

सुभानजीने डोक्यावर हात फिरवला. उंबराकडे बघितले. आणि म्हणाला, "वारा बरा लागतो की!"

मग जो हशा उठला, तो म्हणे गडावरच्या पहारेकऱ्यांना ऐकू गेला आणि त्यांना वाटले हल्ला झाला. वरचे खालच्यांच्या गळ्यात पडून हसले. धोंडूला काही दिसत नव्हते, तो "काय झालं, काय झालं" करत सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसला. रायाजीला शेखी मिरवल्याशिवाय चैन कुठले! त्याने बहिणीच्या हातून धनुष्य घेतले, "असं मारतात, ठके!" म्हणाला आणि शेवटचा तुंबाही फोडला.

इतके हसल्यावर तहान लागणारच. सुभानजी डोळे पुसत म्हणाला, "आणा रे पाणी."

कोणी उठेना. सगळे आपापल्या पायाशी बघायला लागले. तिथे तुंब्यांची टरफले पडली होती. भांडता भांडता दोन्ही वाड्या भांडीच फोडून बसल्या होत्या. झरा कोणाचाही ठरो, त्यातले पाणी न्यायला माळावर काही उरले नव्हते.

ठकू कुठे होती? भावाने धनुष्य घेतले तेव्हाच तिने कळशी उचलली होती. पहारेकरी हसून लोळत होते, त्यांच्या मधून ती काटे बाजूला सारून आत गेली. कळशी भरली, वर जाऊन पिंडीवर घातली, घंटा वाजवली. तिचा सोमवार झाला. मग पुन्हा झऱ्यावर उतरून तिने कळशी काठोकाठ भरली आणि माळाकडे निघाली.

आणि माळावर? हसू आटले, घसे आटले आणि पुन्हा जुनेच सुरू. वरचे म्हणत, "तिचा बाण चुकला, झरा आमचा." खालचे म्हणत, "ती नेमाला आली होती, नेम धरायला नव्हे. तो बाण धरायचाच नाही, सामना पुन्हा घ्या." दोन्हीकडच्यांनी बाह्या सरसावल्या. सुभानजी बोडका, मधे उभा.

इथवर सांगून झाले तेव्हा आमच्याकडची मंडळीही जवळ सरकून बसली होती. कुंदाबाईंच्या गाडीतले प्रवासी उतरून आले होते, ड्रायव्हर चहाचा कप हातात घेऊन उभा होता. हेरंबने चष्मा काढला होता, पण कप्तान तो कप्तानच.

"ते सगळं ठीक आहे," तो म्हणाला. "पण शेवटी जिंकलं कोण?"

आजही या माळावर बाण टाकून झाले की कोणी आधी निकालाच्या फलकाकडे जात नाही. आजही नेमकऱ्याला "नेम कशाचा?" विचारतात, आणि माणसे खरे तेच सांगतात. एकाने दाढ काढायला निघालोय म्हणून सांगितले होते, एकीने हरवलेली म्हैस शोधतेय म्हणून. यंदा कुंदाबाईंनी सांगितले, "मुक्कामाची गाडी वेळेत पोचवायचा." त्यांचा बाण गवतात गेला आणि हेरंब स्वतः धावत जाऊन तो हुडकून आला. ढाल कोणी नेली ते फलकावर लावलेले आहे, ज्याला गरज असेल त्याने वाचावे. मग आजही झऱ्याची एक कळशी माळावर येते, आणि बुरूज, दरवाजा, चोरवाट, प्रवासी, ड्रायव्हर, सगळे तिच्यातले पाणी ओंजळीने पितात.

पण हे सारे नंतरचे. "जिंकलं कोण?" या हेरंबच्या प्रश्नाला मी स्वतःचे उत्तर दिले नाही, ठकूचेच दिले. त्या दिवशी माळावर दोन्ही वाड्यांनी ठकूला हेच विचारले होते. कळशी तिच्या डोक्यावर होती, पाणी हिंदकळून कपाळावरून ओघळत होते, समोर तहानलेले दोन जमाव हातघाईवर आलेले. एकीकडे भाऊ, एकीकडे नवरा. तिने दोघांकडेही नीट बघून घेतले आणि म्हणाली:

"भांडं एकच उरलंय आणि ते माझ्या डोक्यावर आहे, ज्याला तहान आहे त्यानं पुढं यावं, ज्याला वाडी आहे त्यानं मागं थांबावं."