भिवराईची वात

फार वर्षांपूर्वी, शेवरवाडीच्या घाटातून सरदारांची घोडी ये-जा करायची तेव्हा, एका पागेबरोबर, म्हणजे घोडेस्वारांच्या तुकडीबरोबर, भिवरा नावाची बाई गावात आली. पागा पुढे गेली आणि ती मागे राहिली. तिचा नवरा त्या पागेतला न्हावी होता. शिपायांच्या जखमा धुवायच्या, गळवं कापायची, हे त्याचं काम. पुढे त्याची नजर गेली. मग तो बोटांनी चाचपून सांगायचा आणि भिवरा नस्तर चालवायची. नस्तर म्हणजे गळू कापायची बारीक, अणकुचीदार सुरी. असं बारा वर्षं चाललं आणि मग, पागा या घाटात असताना, नवरा वारला. असं म्हणतात, तेव्हापासून भिवराच्या बोटांना कातडीखालचं दिसायला लागलं.

गावानं तिला ओढ्यापलीकडे झोपडी घालू दिली, पण उंबऱ्याच्या आत कुणी घेईना. एकटी बाई, कमरेला सुरी, करते ते पुरुषाचं काम आणि बोलते मोजकं. असल्या बाईबद्दल गाव काय काय बोलतं ते सांगायला नको. ती रात्री वटवाघूळ होते इथपर्यंत मजल गेली होती. आणि या सगळ्यात पुढे होती येसाबाई.

येसाबाई मनानं वाईट नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पण तिचा कुणावर भरवसा नव्हता. दुधात पाणी आहे म्हणून ती स्वतःच्या म्हशीकडे रागानं बघायची. आपली सावली आपल्या मागे मागे का येते, याचाही तिला संशय होता. घरात तिचा मुलगा शिदू आणि सून मैना. मैना त्या साली पहिल्यांदा बाळंत झाली आणि तिला मुलगी झाली.

तीन आठवड्यांनी मैनेचं डावं थान दाटलं, लाल झालं आणि ठणकायला लागलं. येसाबाईनं आधी दृष्ट काढली. मग तिला वाटलं, शेजारणीनं काहीतरी केलं. तिनं शेजारणीचं येणं बंद केलं. मग वाटलं, नासलेलं दूध पोरीला बाधेल. तिनं त्या बाजूला पोरीला पाजणं बंद केलं. दूध आतल्या आत तुंबलं आणि गाठ नारळाएवढी झाली. असं म्हणतात, मैनेच्या अंगात इतका ताप होता की उशाशी ठेवलेल्या तांब्यातलं पाणी कढत व्हायचं. दहाव्या दिवशी ती पोरीला ओळखेना. तेव्हा शिदू आईला न विचारता ओढ्यापलीकडे गेला आणि भिवराला घेऊन आला.

येसाबाई दारात आडवी उभी राहिली.

"सव्वा म्हैना झाला न्हाई अजून," ती म्हणाली. "बाळंतिणीवर परक्या बाईची सावली पडू देत न्हाई आमच्यात."

"तवर बाळंतीण ऱ्हाईल का, त्येवढं बघा," भिवरा म्हणाली.

येसाबाई बाजूला झाली. पण तिनं डोळे भिवराच्या हातांवरून हलवले नाहीत. भिवरानं गाठीच्या दोन्ही अंगांना एकेक बोट ठेवलं, डोळे मिटले आणि हलकेच दाबलं. "पिकलंय," ती म्हणाली. "आत लाट हलती." तिनं सुरी विस्तवावर धरली, निववली आणि छेद दिला, तोही आडवा नाही. बोंडाकडून बाहेरच्या अंगाला, सरळ, दुधाच्या वाटा सांभाळून. आडवं कापलं तर त्या वाटा तुटतात आणि पुढच्या लेकराला दूध राहत नाही, हे तिला आंधळ्या नवऱ्यानं शिकवलं होतं. मग तिनं आत बोट घालून पुवाचे कप्पे मोडले. असं म्हणतात, एक परात भरली, दुसरी आणली तीही भरली, आणि मैना विचारत होती, "कापणार कवा?"

शेवटी भिवरानं जुन्या लुगड्याच्या मऊ धडप्याची लांब वात केली, कडुनिंबाच्या तेलात भिजवली आणि जखमेत भरली. वातीचं टोक बाहेर ठेवलं.

"ही माझ्याबिगर कुणी वडायची न्हाई," ती म्हणाली. "जखम तळातनं भरली पायजे. वरनं मिटली तर आत पुन्यांदा घर करंल. आनि पोरीला पाजायचं थांबवू नगा."

मैनेचा ताप उतरला. तिनं भाकरी मागितली, पोरगी मागितली. शिदू अंगणात जाऊन मोठमोठ्यानं रडला. येसाबाईलाही बरं वाटलं, पण तेवढ्यापुरतंच. भिवरा रोज दुपारी यायची, जुनी वात काढायची, नवी भरायची आणि जुनी पानात गुंडाळून पदराआड घेऊन जायची. कशाला नेते? सुनेच्या अंगातलं काय नेते? आणि बरी व्हायची तर जखम उघडी का ठेवते? चौथ्या दिवशी येसाबाई तिच्या मागून गेली आणि निवडुंगाआड लपली.

भिवरा ओढ्याकाठी बसली. तिनं खड्डा उकरला, वात पुरली, वर माती सारली आणि तिथंच बसून हळू आवाजात कुणाशी तरी बोलत राहिली. समोर कुणीच नव्हतं. कुत्र्यामाशांनी रोग पसरवू नये म्हणून ती वाती पुरायची, आणि रोजचं काम झालं की मेलेल्या नवऱ्याला जखमेची हकिकत सांगायची. बारा वर्षांची सवय होती, ती सुटली नव्हती. असं म्हणतात, त्या काठावर पुढे शेवगा उगवला आणि त्याला बाराही महिने शेंगा लागायच्या. पण येसाबाईला शेवगा दिसला नाही. तिला करणी दिसली.

ती धावत घरी आली. मैना झोपली होती. येसाबाईनं वातीचं टोक धरलं आणि वात ओढून काढली. जखमेत हळद आणि चुना चेपला आणि वर घट्ट पट्टी बांधली. मग वात चुलीत टाकली. "तुजी सुटका क्येली गं बाय," ती झोपलेल्या सुनेला म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिची माया खरी होती, हे इथं विसरून चालणार नाही. दुसऱ्या दिवशी भिवरा आली तेव्हा तिनं तिला दारातूनच वाटेला लावलं. "आमचं आमी बघू."

दोन दिवसांत जखमेचं तोंड मिटलं. येसाबाईनं देवापुढं साखर ठेवली. तिसऱ्या दिवशी मैना थंडीनं कुडकुडायला लागली. चौथ्या दिवशी तिची काखेपर्यंतची बाजू काळीनिळी झाली, आणि उपाशी पोरगी रडून रडून गप्प झाली.

गाव अंगणात जमलं. बाईनं आत काहीतरी ठेवलं, असं कुणी म्हणालं, आणि दुपारपर्यंत ते काय ठेवलं हेसुद्धा दहा जणांना ठाऊक झालं. कुणी केस म्हणे, कुणी लिंबू. चौघांनी जाऊन भिवराला ओढत आणलं. शिदूच्या हातात काठी होती. ज्यानं तिला बोलावलं, तोच आता म्हणत होता, "काय घातलंस आत, ते सांग. न्हाई तर जित्ती जात न्हाईस."

भिवरा भिंतीला टेकून उभी राहिली. तिच्या कपाळातून रक्त येत होतं. ती कुणावर ओरडली नाही.

"आत काय हाय, त्ये मलाच ठावं न्हाई," ती म्हणाली. "वात कुनी काढली? मागनं काय भरलं? अंगारा आसंल तर एक उपाव, चुना आसंल तर दुसरा. न कळता हात घातला तर माज्या हातनं मरंल ती. सांगा, मग मला मारा."

येसाबाई उंबऱ्यात उभी होती. तिनं भिवराकडे बघितलं, मग लेकाच्या काठीकडे. गप्प राहणं सोपं होतं. तिच्याकडे कुणीच बघत नव्हतं. गावानं गुन्हेगार ठरवून टाकला होता, आणि येसाबाई आयुष्यभर हेच तर सांगत आली होती की बाहेरचं माणूस वाईट. पण आतून मैनेचा श्वास ऐकू येत होता आणि दोन श्वासांमधलं अंतर वाढत होतं. जन्मात पहिल्यांदा येसाबाईनं स्वतःच्या हातांकडे संशयानं बघितलं. बोटांची हळद अजून पुरती गेली नव्हती.

"म्या काढली," ती म्हणाली. "हळद आनि चुना भरला. वात चुलीत घातली. हिनं करनी क्येली आसं वाटलं मला. सगळं म्या क्येलं, शिदू. हिला सोड."

असं म्हणतात, तिचा शेवटचा शब्द संपला आणि मैनेची जखम आपोआप उघडली. ज्यांना हे पटत नाही ते म्हणतात, तोवर भिवरा शिदूला बाजूला सारून आत पोचलीसुद्धा होती. चुना आहे हे कळल्यावर तिनं आधी तेल सोडलं, चुना खरवडून काढला, मग पुन्हा छेद दिला. दोन दिवस, दोन रात्री ती मैनेपाशी बसून होती. तिसऱ्या दिवशी वात बदलताना तिनं येसाबाईला हाक मारली आणि टोक तिच्या हातात दिलं. येसाबाईनं ते चिमटीत धरलं.

"हळू वडा, आक्का," भिवरा म्हणाली. "किती खोल ऱ्हायलंय त्ये तुमालाबी कळू द्या."

मैना जगली. तिला पुढे चार मुलं झाली आणि चौघांनाही तिनं दोन्ही अंगांना पाजलं. पंचक्रोशीतल्या बायका भिवराकडे यायला लागल्या, आणि तिची भिवराई झाली. ती कधी गेली ते कुणाला ठाऊक नाही. एका सकाळी झोपडीत विस्तव होता आणि ती नव्हती. कुणी म्हणतं, आंधळा नवरा हात धरून न्यायला आला होता.

आजही शेवरवाडीचं माणूस तालुक्याच्या दवाखान्यात न्यायची वेळ आली की घरातली सगळ्यात थोरली बाई गाडीत आधी चढते. डॉक्टरांनी काही विचारायच्या आत ती पुढे होते आणि म्हणते, "भिवराईची आण, खरं सांगते." मग घरी काय काय केलं ते सगळं सांगते: कोणता पाला बांधला, कुणाचा अंगारा लावला, कुणाच्या उरलेल्या गोळ्या दिल्या. नवे डॉक्टर घाई करतात. जुने डॉक्टर तिला बसायला स्टूल देतात.

मागे सुनेला घेऊन आलेल्या एका सासूनं पाला बांधला नव्हता, अंगारा लावला नव्हता, काहीच केलं नव्हतं. तरी ती पुढे झाली. "चार दिस ही ठणकतंय म्हनत हुती," ती म्हणाली. "मला वाटलं, कामाला नगं म्हनून सोंग करती."

डॉक्टरांनी तेही लिहून घेतलं.