भिंतीवरची प्रमाणपत्रं

"आणि सुरी कोणाच्या हातात असणार?" भन्तेंनी विचारलं.

संघशील गडबडला. या प्रश्नाची तयारी त्यानं केलीच नव्हती.

तयारी होती वेगळ्या प्रश्नांची. देह अनित्य आहे, मग त्याची एवढी काळजी कशाला, असं भन्ते विचारतील असं तो धरून चालला होता. त्यावर बुद्धवचनातली तीन सुत्तं त्यानं बसमध्ये मनातल्या मनात घोळवली होती.

भन्तेंनी त्यातलं काही विचारलं नाही. त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "त्रास होतो?"

"...होतो."

"किती वर्षं?"

"एकोणीस."

"मग करून घे."

आणि लगेच हा सुरीचा प्रश्न.

संघशील रामटेके नागपूरच्या एका कॉलेजात पाली शिकवायचा. वय तेहतीस. ब्राह्मी लिपी तो अशी वाचायचा की लांबलांबचे लोक त्याला शिलालेखांचे फोटो पाठवायचे. विद्वत्तेचा त्याला अभिमान होता आणि तो लपवावा असं त्याला कधी वाटलं नाही.

तो लपवायचा ते वेगळंच.

चौदाव्या वर्षी त्याच्या छातीवर बाईसारखा उभार आला. पुष्कळ मुलांना येतो, वर्षा-दोन वर्षांत जातो. त्याचा गेला नाही. शाळेतल्या मुलांनी त्याला एक नाव ठेवलं. ते नाव तो अजून तोंडातून काढत नाही.

मे महिन्यात, नागपूर भाजून निघत असताना, शर्टाखाली तो दोन घट्ट बनियन घालायचा आणि वरून जाकीट. पोहायला कधी गेला नाही. दोन स्थळं आली, दोन्ही अभ्यासाचं कारण सांगून परतवली.

भन्ते खेमवंस यांच्याकडे तो नऊ वर्षं येत होता. पवनीजवळ वैनगंगेच्या काठी त्यांचं लहानसं विहार. दर हिवाळ्यात तिथं दहा दिवसांचं श्रामणेर शिबिर भरे. मुंडण करायचं, चीवर नेसायचं, भिक्षापात्र घेऊन गावात फिरायचं.

चीवर नेसलं की उजवा खांदा उघडा राहतो. छातीचा काही भागही.

नऊ वर्षांत संघशील एकदाही शिबिराला बसला नव्हता. कधी शोधनिबंध, कधी परीक्षा, कधी परिसंवाद... भन्तेंनी कधी विचारलं नव्हतं.

आज त्यानं स्वतःहून सांगितलं होतं, ऑपरेशन करून छातीचा उभार काढून घ्यायचाय म्हणून. आणि भन्ते विचारत होते, सुरी कोणाच्या हातात.

"नागपुरात एक मोठं कॉस्मेटिक सेंटर आहे," तो म्हणाला. "सगळी काचेची इमारत. भिंतीवर बारा प्रमाणपत्रं आहेत. इंटरनेटवर लोकांनी फार चांगलं लिहिलंय. सकाळी जायचं, दुपारी घरी."

"प्रमाणपत्रं वाचलीस?"

"बारा आहेत, भन्ते."

"मोजलीस. वाचलीस का, ते विचारतोय."



गेल्याच महिन्यात याच ओसरीवर बसून त्यानं एका शिळेच्या तुकड्यापायी दोन दिवस घालवले होते. अक्षरावर टिंब आहे की दगडाचा टवका उडालाय, एवढ्यासाठी.

"दोन हजार वर्षांपूर्वीचं टिंब तू सोडत नाहीस," भन्ते म्हणाले. "आणि तुला जो कापणार, त्याचं नाव काय?"

"डॉक्टर..."

त्याला नाव आठवेना.

"जा," भन्ते म्हणाले. "वाचून ये."

तो गेला, आणि शिलालेख वाचतात तसा त्या भिंतीसमोर उभा राहिला. ओळ न ओळ.

नऊ प्रमाणपत्रं दोन-दोन दिवसांच्या कार्यशाळांची होती. त्यांवर एवढंच होतं की डॉक्टर तिथं हजर होते. दोन कुठल्याशा समारंभातल्या पुरस्कारांची. बारावं पदवीचं. पदवी खरी होती, पण ती शस्त्रक्रियेची नव्हती.

काउंटरवरच्या मुलीला त्यानं विचारलं, "ऑपरेशन कोण करणार?"

"आमची टीम आहे ना, सर."

"टीममधलं कोण?"

"सगळेच अनुभवी आहेत."

"आणि भूल कोण देणार?"

ती गोड हसली. "तुम्ही फारच विचार करताय, सर. रविवारच्या आत नाव नोंदवून टाका."

घरी येऊन त्यानं वैद्यक परिषदेच्या यादीत त्या डॉक्टरांचं नाव शोधलं. नाव सापडलं. नावापुढे प्लास्टिक सर्जरी कुठेच नव्हती.

पुढच्या रविवारी तो पवनीला आला आणि एका दमात सगळं सांगितलं. शाबासकी मिळेल अशी त्याची अपेक्षा होती.

"बरं," भन्ते म्हणाले. "आता कोणाकडे?"

"बघतो."

"आधी एमबीबीएस. मग तीन वर्षं सर्जरी. त्याच्यावर आणखी तीन वर्षं नुसती प्लास्टिक सर्जरी, एम.सी.एच. म्हणतात त्याला. एवढं ज्याचं झालंय त्याच्याकडे जा. ऑपरेशन कुठं करतो ते विचार. भूल द्यायला भुलीचाच डॉक्टर असतो का, ते विचार. रक्त थांबलं नाही तर धावत कोण येणार, तेही विचार."

संघशील बघत राहिला. सातवीपर्यंत शिकलेल्या या भिक्खूला हे कुठून ठाऊक?

त्यानं विचारलं नाही. भन्तेंनी सांगितलं नाही.

तीन आठवड्यांनी तो परत आला तेव्हा चांगलाच चिडलेला होता. भन्ते ओसरी झाडत होते. त्यांनी झाडू भिंतीला टेकवला.

"मिळालं कोणी?"

"मिळाल्या. डॉ. रेवती देवतळे. एम.एस., एम.सी.एच. प्लास्टिक सर्जरी. नोंदणी क्रमांक बाहेरच्या पाटीवर आहे. यादीशी ताडून बघितला. ऑपरेशन पूर्ण सोयीच्या रुग्णालयात करतात. भुलीचे डॉक्टर वेगळे."

"मग?"

"मी त्यांच्याकडे करणार नाही."

"का?"

"दोन तास लोखंडी बाकावर बसवून ठेवलं, भन्ते."

"आत गेल्यावर?"

"आत गेल्यावर पाऊण तास बोलल्या."

"काय बोलल्या?"

संघशीलचा चेहरा उतरला. सांगताना त्याला लाज वाटत होती.

डॉ. देवतळ्यांनी त्याला नीट तपासलं होतं. कधीपासून आहे, कुठली औषधं घेता, कावीळ झाली होती का, कसरतीसाठी कसली पावडर खाता का. संकोच वाटावा अशीही तपासणी केली, अगदी शांतपणे. मग रक्त आणि सोनोग्राफी लिहून दिली. म्हणाल्या, "हे कशामुळे आहे ते आधी कळू दे. काढायचं का, ते मग ठरवू."

त्यानंतर त्यांनी काय काय बिघडू शकतं ते सांगितलं. आत रक्त साठू शकतं. काही महिने बधिरपणा राहतो. व्रण राहतो. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या होतीलच असं नाही.

"फोटो दाखवले," संघशील म्हणाला. "एका पेशंटची छाती एका बाजूला बसकी झालेली. म्हणाल्या, हा माझा चांगला निकाल नाही, पण तुम्ही हाही बघा. आणखी दोघांना परत टेबलवर घ्यावं लागलं, तेही सांगितलं. मी विचारलंसुद्धा नव्हतं."

"आणि?"

"आणि म्हणाल्या, तीन महिन्यांनी या. तोवर मन बदललं तर येऊ नका... भन्ते, त्या काचेच्या इमारतीत मला एकदाही कुणी घाबरवलं नव्हतं."

"तुला काय हवं होतं?"

"खात्री."



नदीकडून वारा आला. पिंपळाची पानं सळसळली...

भन्तेंनी डाव्या खांद्यावरचं चीवर सोडलं आणि कमरेपर्यंत खाली घेतलं.

नऊ वर्षं संघशीलनं त्यांचा उजवाच खांदा बघितला होता. डावी बाजू त्यानं आज पहिल्यांदा बघितली. गळ्याच्या हाडापासून कमरेपर्यंत कातडी जोडलेली होती. कुठं चकचकीत, कुठं जाळी उमटल्यासारखी, कुठं दोन तुकडे जुळले तिथं जाड वळ. काखेत एक लांब नागमोडी व्रण.

"राईस मिलमध्ये बॉयलरवर होतो," भन्ते म्हणाले. "सव्वीस वर्षांचा. वाफ अंगावर आली. अकरा महिने जळीत वॉर्डात काढले. पाच ऑपरेशनं झाली."



"भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, काळजी करू नको, पहिल्यासारखा होशील. आई म्हणायची, मिलचे मालक म्हणायचे. चौथ्या दिवशी प्लास्टिक सर्जन आले. खाटेच्या कडेवर बसले. म्हणाले, पहिल्यासारखा तू होणार नाहीस. पण हा हात वर जाईल, एवढं मी करीन."

भन्तेंनी डावा हात उचलला. हळूहळू वर नेला. सरळ, दंड कानाला टेकेपर्यंत.

तिथंच थोडा वेळ धरला.

"त्या दिवशी मला झोप लागली," ते म्हणाले. "चार दिवसांत पहिल्यांदा."

संघशील उठला. गुडघ्यांवर बसून त्यानं तीनदा वंदन केलं. नऊ वर्षं तो वंदन करत आला होता. पण त्या दिवशीचं वंदन वेगळं होतं, असं तो पुढे सांगायचा.

तीन महिने त्यानं वाट बघितली. तपासण्यांत काळजीचं काही निघालं नाही. त्याचं मनही बदललं नाही. ऑक्टोबरमध्ये तो डॉ. देवतळ्यांच्या दाराबाहेर त्याच लोखंडी बाकावर बसला. या वेळी बरोबर पुस्तक नेलं होतं, ते त्यानं उघडलंच नाही. आत जाणारी माणसं बघत बसला. ओठ फाटलेलं तान्हं बाळ घेऊन आलेली एक आई. यंत्रात बोटं गेलेला एक सुतार. सगळ्यांना तेवढाच वेळ मिळत होता.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भुलीचे डॉक्टर येऊन सगळी चौकशी करून गेले. सकाळी डॉ. देवतळ्यांनी त्याला उभं करून, स्वतःच्या हातानं, छातीवर पेननं खुणा केल्या. एक रेघ पुसली. परत काढली. मागे सरकून बघितली आणि परत पुसली.

"तुम्ही शिलालेख वाचता म्हणे," त्या म्हणाल्या.

"हो, मॅडम."

"मग तुम्हाला समजेल. घाई केली की चुकतं."

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता. तरी त्या आल्या, जखमेतून बाहेर काढलेल्या नळीत किती रक्त साठलंय ते बघून गेल्या. सहा आठवडे घट्ट पट्ट्याचं जाकीट घालायचं होतं. ते त्यानं एक दिवसही चुकवलं नाही.

डिसेंबरच्या शेवटी शिबिर भरलं. संघशीलचं मुंडण झालं. चीवर त्यानं स्वतःच नेसलं, उजवा खांदा उघडा टाकून.

सकाळी श्रामणेरांची रांग अनवाणी गावात निघाली. दारोदार बाया उभ्या होत्या. कुणी भात घातला, कुणी पोळी. प्रत्येकीचं लक्ष पात्राकडे होतं. त्याच्या छातीकडे कुणी बघितलं नाही. एका आजीनं तेवढं म्हटलं, "हळू चाल रे बा, खडे आहेत."

त्याच्या उघड्या खांद्यावर ऊन पडलं होतं.

तो चालता चालता थांबला. मागच्या श्रामणेराचा धक्का लागला, तेव्हा पुढे निघाला.

जेवणानंतर भन्ते नदीच्या पायरीवर पात्र धूत होते. संघशील शेजारी बसून आपलं पात्र घासू लागला.

"भन्ते, मॅडमनी फार छान काम केलं."

"हं."

"...एकच आहे. डावीकडे किंचित राहिलंय. नीट बघितलं तरच कळतं. मी विचारलं त्यांना. म्हणाल्या, आणखी काढता आलं असतं, पण तिथं खळगा पडला असता, म्हणून हात आवरला."

भन्ते पात्र धूत राहिले.

"दुसऱ्या कुणी सगळं काढून दिलं असतं, नाही का?"

भन्तेंनी पात्र पालथं केलं. पाणी निथळू दिलं. मग चीवराच्या टोकानं ते कोरडं केलं, आतून, बाहेरून...

"कापता येणारे तुला पुष्कळ भेटले असते, संघशील," ते म्हणाले. "मी तुला थांबता येणारं माणूस शोधायला पाठवलं होतं."