रेघ कोरलेला पेला

ऐका, फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. नदीच्या वरच्या अंगाला एका राणीचं राज्य होतं आणि खालच्या अंगाला एका राजाचं. पाण्यावरून दोघांचे आजोबा पुष्कळ लढले आणि मग त्यांना शहाणपण सुचलं. त्यांनी मिळून काच फुंकणाऱ्या कारागिराकडून एक पेला करवून घेतला. त्यावर दोन बगळे कोरले आणि मधोमध एक रेघ. दर उन्हाळ्यात बांधावर भेटायचं, वरच्यांनी रेघेपर्यंत पाणी प्यायचं, उरलेलं खालच्यांनी. मग खाली पाणी सोडायला राणीकडच्यांनी बांधाची दारं उघडायची.

पेला राजाकडे असे. एकदा त्याला बगळ्याच्या पंखावर ओरखडा दिसला. झालं! जिवाला घोर लागला. पेला कपाटात गेला, कपाटाला कुलूप लागलं. तरी चैन पडेना. महालात ढोल बंद, मुलांनी पळणं बंद. जेवता जेवता राजा उठायचा आणि कपाटाला कान लावून उभा राहायचा. तडा जाताना आवाज येतो म्हणे!

उन्हाळा आला. राजाने बांधावर चांदीचा पेला नेला.

राणीने तो फिरवून पाहिला. "यावर रेघ कुठाय? आजोबांचा पेला आणा, लगेच दारं उघडते."

"आणि फुटला तर?"

"फुटला तर दोघं मिळून नवा करू."

"उद्या आणतो," म्हणून राजा परतला. रोज तो कपाट उघडायचा, पेला घेऊन दारापर्यंत जायचा आणि मागे फिरायचा. तिकडे शेतं करपली, विहिरी आटल्या.

"महाराज, मी नेऊ का?" त्याच्या बायकोने विचारलं.

"हात लावू नका त्याला!" राजा ओरडला.

ती मुलांना घेऊन वरच्या राज्यात निघून गेली. मागोमाग गावंच्या गावं गेली. बिचाऱ्यांनी आणखी किती वाट पाहायची?

शेवटी रिकाम्या महालात राजाला तहान लागली. त्याने पेला काढला आणि रांजणात बुडवला. रांजणाचा तळ कोरडा होता.

तो पेला आजही एका संग्रहालयात आहे. लोक म्हणतात, "वा, एवढा जुना, पण एक टवका उडालेला नाही!" तो कोणत्या राजाचा, हे मात्र कुणालाच सांगता येत नाही.

तात्पर्य: माणसांसाठी केलेली वस्तू माणसांपेक्षा जास्त जपली, तर वस्तू उरते आणि माणसं जातात.