उंबऱ्यावरचा अंकुश

एका राज्यात, ज्याचं नाव मी घेणार नाही कारण तिथल्या भिंतींनाही कान होते आणि ते कान दिवाणाच्या चाकरीत होते, एक राजा होता. चांगला होता म्हणतात. असेल. जो राजा आपल्या दिवाणाच्या डोळ्यांत कधी नीट बघत नाही, तो चांगला की आंधळा, ते तुमचं तुम्ही ठरवा.

त्या राज्यातली रीत अशी. चाकरीला लागणाऱ्याच्या हातात राजा स्वतः त्याचं हत्यार द्यायचा. माहुताला अंकुश, घोडी राखणाऱ्या मोतद्दाराला खरारा, आचाऱ्याला झारा. राजानं दिलेलं राजाशिवाय कुणी काढून घ्यायचं नाही, हा कायदा. मात्र चाकरानं आपल्या हातानं ते हत्यार धन्याच्या किंवा त्याच्या दिवाणाच्या उंबऱ्यावर ठेवलं, तर तो आपखुशीनं चाकरी सोडून गेला असं धरायचे. राजाच्या पणजोबानं हे ठरवलं होतं, कुणाला बळंच राबवून घेऊ नये म्हणून. हेतू चांगला होता. पण उंदीर बीळ करायला चांगलीच भिंत निवडतो.

इथला उंदीर म्हणजे दिवाण जालंदर. माणूस जादूगार. सावली उभी करून तिला कामाला लावायची विद्या त्याला येत होती. सावली जेवत नाही, आजारी पडत नाही, आणि दसऱ्याला वर्षाचं धान्य मागत नाही. चाकरांना धान्य दसऱ्यालाच मिळायचं. जालंदरानं हिशेब केला, आणि खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, दवंडी पिटवली: यंदा हत्यारांची पूजा दिवाणजींच्या दारात. येईल त्याला नारळ.

हैबती माहुताच्या बायकोनं, सगुणानं, दवंडी ऐकली आणि पोतेरं आपटलं.

"अहो, आजवर पूजा हत्तीखान्यात होत आली. यंदाच यांच्या दारात कशाला?"

"नारळ देतायत."

"फुकटचा नारळ नासका निघतो."

"तुला सगळ्यांचाच संशय."

"म्हणून तर घर चाललंय."

तरी तिनं अंकुशाला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ बांधली. मग त्याच माळेतलं एक कुंकवानं माखलेलं फूल तोडलं, ओल्या फडक्यात गुंडाळलं आणि माठाच्या बुडाशी ठेवलं.

"हे कशाला?"

"असू दे. माझा त्या माणसावर विश्वास नाही."

दिवाणाच्या दारात पाट मांडले होते, ते नेमके उंबऱ्यावर. हे कुणाच्या ध्यानात आलं का? नाही आलं. देवाचं काम म्हटलं की आपली माणसं पायाखाली बघत नाहीत. सगळ्यांनी हत्यारं ठेवली, हात जोडले, डोळे मिटले. डोळे उघडले तेव्हा प्रत्येक हत्यार एकेका सावलीच्या हातात होतं.

जालंदर गोड बोलला, "आपण आपल्या हातानं हत्यार उंबऱ्यावर ठेवलंत. आपली मर्जी. सुखानं जा."

"पूजेला ठेवलं, दिवाणजी!" हैबती ओरडला.

"आपण कोण?" दिवाण म्हणाला.

त्या क्षणी दरबारातल्यांच्या मनातून सगळ्या चाकरांची ओळख पुसली गेली. सकाळी ज्या देवडीवाल्यानं हैबतीकडून तंबाखू घेतली होती, तोच विचारू लागला, "कोण पाहिजे तुम्हाला?" धान्याचं नाव काढलं तर उत्तर आलं, "कसलं धान्य? तुम्ही इथं कधी कामाला होता?" हैबती पुन्हा गेला की म्हणायचे, उद्या या. उद्या गेला की, दिवाणजी पूजेत आहेत.

पण त्याच्या जिवाला घोर लागला तो हत्तिणीचा. मोहनमाळ तिचं नाव. तिच्या मानेवर आता सावली बसायची. समोर उसाची मोळी पडलेली असायची आणि मोहनमाळेची सोंड मातीत. तिनं खाणं सोडलं होतं. न खाणारा हत्ती कसा संपतो, हे हैबतीनं पाहिलेलं होतं.

तो हत्तीखान्याच्या कुसाबाहेर बसला असता एक टिटवी आली आणि माणसासारखी बोलली.

"माहुता, न्यायशिळेकडं जा. घालवलेल्या चाकराचं ती ऐकते. पण पूजेचा झेंडू वाळून भुगा होईपर्यंतच ऐकते. म्हणून दिवाण तुला उद्या या, उद्या या म्हणतोय."

हैबतीनं तिच्याकडं तिरकं पाहिलं. टिटवीचं ऐकू नये असं थोरांनी सांगितलेलं. "तुला गं काय मिळणार यात?"

"माझी अंडी हत्तीखान्यात उघड्यावर असतात. तू मोहनमाळेला रोज वळसा घालून न्यायचास. सावली सरळ चालवते."

हे कारण त्याला पटलं. स्वार्थ दिसला की माणसाला जरा धीर येतो.

"शिळा काय मागते?"

"तीन गोष्टी. तुझं काम पाहिलेला साक्षीदार, पण तो ना तुझं खाणारा ना दिवाणाचं. तुझं काम जिथं उमटलंय अशी खूण. आणि तू गेला नाहीस, तुला घालवलं, याचा पुरावा."

हैबती घरी आला तर दारात एक गोसावी उभा. खांद्यावर धान्याची थैली. "बाळा, घे. एवढंच म्हण, की माझं काही येणं राहिलं नाही."

"महाराज, भिक्षा आपण मागायची का मी?"

"मी देतो आहे."

सगुणा दारातून म्हणाली, "देणाऱ्या गोसाव्याचे पाय बघा आधी." गोसाव्याच्या पायात मखमली जोडे होते, दिवाणजी घालायचे तसले. हैबतीनं दार लावून घेतलं. पलीकडच्या घरी लुमाजी मोतद्दार राहायचा. त्याची पोरं भुकेली होती. त्यानं थैली घेतली आणि म्हणायचं ते म्हटलं.

हैबती सगुणेला आणि टिटवीला घेऊन न्यायशिळेपुढं उभा राहिला. गावाबाहेर काळा पाषाण, त्याला तोंड होतं, ते बोलायचं. मी सांगतो तसं बोलायचं, शंका असेल तर जाऊन बघा.

"कोण?" शिळेनं विचारलं.

"हैबती माहूत. मला चाकरीवरून काढलंय आणि वर्षाचं धान्य बुडवलंय."

शिळा अशी गरजली की राजाला यावंच लागलं. राजा मोहनमाळेवर बसून आला, पुढं मानेवर सावली, शेजारून जालंदर पालखीत.

"साक्षीदार," शिळा म्हणाली.

टिटवी पुढं आली. "हा रोज माझ्या अंड्यांना वळसा घालायचा."

जालंदर हसला. "महाराज, अपशकुनी पाखराची साक्ष?"

"मी शकुन विचारला नाही," शिळा म्हणाली. "ती काय खाते?"

"किडे," हैबती म्हणाला.

"मग चालेल. खूण."

हैबती हत्तिणीजवळ गेला. उसाकडं न बघणाऱ्या मोहनमाळेनं गुडघा वाकवून त्याला पायरी दिली. तो मानेवर चढला तशी सावली तेलासारखी निसटली. माहूत हत्तीला पायाच्या अंगठ्यांनी हाकतो, कानामागं दाबून. मोहनमाळेच्या दोन्ही कानांमागं वर्षानुवर्षांच्या दाबानं खळगे पडले होते. हैबतीनं अंगठे टेकवले. सुपारी अडकित्त्यात बसावी तसे ते बसले.

"महाराज, आपण पुढं मानेवर बसून अंगठे टेकवून बघा," हैबती म्हणाला. "दिवाणजींनाही चढवा."

जालंदर पालखीतून उतरला नाही. म्हणाला, "असेल माहूत. पण अंकुश त्यानं आपल्या हातानं उंबऱ्यावर ठेवला. अख्ख्या गावानं पाहिलं."

हे खरं होतं. दिवाणानं बाहीतून अंकुशावरची माळ काढली आणि चुरगळली. तिचा भुगा झाला. "आणि मुदतही संपली."

तेव्हा सगुणा पुढं झाली. तिनं ओलं फडकं उलगडलं. फूल ताजं होतं, पाकळ्यांवर कुंकू तसंच.

"याच माळेतलं हे. भुगा झालेला नाही," ती म्हणाली. "आणि महाराज, मी अडाणी बाई, मला एवढंच सांगा. चाकरी सोडून जाणारा माणूस हत्याराला कुंकू लावतो का?"

राजानं दिवाणाकडं पाहिलं. पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"नाही लावत," शिळा म्हणाली.

एवढं बोलणं झालं आणि जादू तुटली. राज्यभर सावल्या जमिनीवर आडव्या पडल्या. देवडीवाला धावत आला, "अरे हैबती, कुठं होतास इतके दिवस?" हैबतीनं त्याच्याकडं पाठ केली.

दिवाणाचं कोठार उघडलं. बुडवलेल्या धान्याचा शाप असतो: कमावणाऱ्यानं हात घातला तर दाणा, दुसऱ्यानं घातला तर विंचू. चाकर एकेक करून येत होते, पदर आणि उपरणी भरून नेत होते. गडबडीत जालंदरानं एक मूठ बाहीत सरकवली. नंतर तो कुठंतरी पळाला, उजवा हात काळानिळा घेऊन. परत आला नाही. आला असला तर वेष बदलून, तेव्हा जपून राहा.

राजानं अंकुश हैबतीच्या हाती दिला. "माझ्याकडून चूक झाली."

"महाराज," हैबती म्हणाला, "आपण मागं बसता, मी पुढं. वर्षानुवर्षं आपण रोज माझी पाठ बघत होता. ती बदलली, हे कळलं नाही?"

राजानं मान खाली घातली. हैबतीनं त्याला तसंच राहू दिलं.

लुमाजीनं कोठारात हात घातला तेव्हा विंचू डसला. तोंडानं म्हटलं होतं ना, काही राहिलं नाही म्हणून. सगुणानं आपल्या वाट्यातलं सूपभर धान्य त्याच्या पोरांना नेऊन दिलं, पण शिळेनं त्याचं ऐकलं नाही. वाईट वाटतं? मलाही वाटतं.

तेव्हापासून त्या राज्यात खंडेनवमीला हत्यार पाटावर ठेवत नाहीत. डाव्या हातात घट्ट धरतात आणि उजव्या हातानं कुंकू लावतात. पुरोहित रागावतात. रागावू देत. मोहनमाळ पुढं खूप जगली, ऊस खाऊन माजली, आणि टिटवीची पिलं तिच्या पायांमधून फिरली. देवानं त्यांचं भलं केलं तसं तुमचंही करो, पण देवापुढंही हात जोडायचे तर हत्यार काखेत धरून जोडा.