माडाचा वास

फार जुनी गोष्ट, माडांच्या शेंड्यांची राखण तांबड्या मुंग्या करायच्या तेव्हाची. त्यांचा एक नियम होता: ज्याला माडाचा वास, तो घरचा, त्याला चावायचं नाही. का, हे विचारायचं नाही.

एका माडाच्या शेंड्यात भुंग्याच्या अळ्या शिरल्या. कोवळा गाभा खायचा आणि त्याचाच रस अंगाला फासून बसायचं, हा त्यांचा उद्योग. मुंग्या त्यांच्या अंगावरून ये-जा करत आणि "घरच्याच आहेत" म्हणत. झावळ्या गळत चालल्या. माडाला शेंडा एकच. तो मेला की माड मेला.

बागवाला कडुलिंबाचा काढा ओतायचा, तेव्हा मुंग्या खाली पळायच्या. काही अळ्या मरायच्या, उरलेल्या पुन्हा रस फासून घ्यायच्या.

या वेळी ठिणगी नावाची तरणी मुंगी पळालीच नाही. काढ्याने तिच्या मिशा पोळल्या, पण अळ्यांची अंगं धुतली गेली आणि खालचा कुबट, परका वास वर आला. तिने एका अळीचा कडकडून चावा घेतला.

"सोड गं भवाने!" थोरली मावशी बुंध्यावरून ओरडली. "काढा वाळला की येऊ सगळ्या. आजवर तसंच करत आलोय."

"आणि आजवर किती माड मेले, मावशी?"

"जीभ फार चालते तुझी. मरशील!"

"मरेन. माडही मरेल कदाचित," अळीला पायांत आवळून ठिणगी म्हणाली. "पण काढा ओला आहे तोवरच या ओळखू येतात. मी एकटी पुरणार नाही. तरी सोडणार नाही."

आणखी एक झावळी सुटून खाली पडली. बुंध्यावरच्या मुंग्या काढा वाळायची वाट बघत तिथेच थांबल्या.