महाराजांची गाडी बाजूच्या रुळावर

"आठ दिवस! शंभरातल्या शंभर गाड्या वेळेवर पाहिजेत. एक जरी उशिरा पोचली, तर येसूची नोकरी गेली आणि खोलीही खाली!"

भालगड संस्थानच्या महाराजांनी फर्मान काढलं. ते कोसळलं कुणावर? दिवाणावर नाही, बड्या साहेबांवर नाही. मधल्या चिखली स्टेशनातल्या येसू सिग्नलवाल्यावर! गाड्या त्याच्याकडे खोळंबतात, असं म्हणे कागदावर दिसलं.

रेल्वेच्या साहेबांची आधी अक्कल पाजळून झाली होती. दोन तासांच्या वाटेला वेळापत्रकात तीन तास लिहिले. तरी उशीर! मग रखडलेली गाडी रद्दच करू लागले. जी धावलीच नाही ती उशिरा कशी पोचेल? माणसं फलाटावर वाळत बसली आणि आकडा तेवढा गुटगुटीत झाला. ह्यांना म्हणे पगार मिळतो!

येसूची लेक हौसा बापाची भाकरी घेऊन रोज स्टेशनात यायची. तिला खरं कारण ठाऊक होतं. रूळ एकेरी. महाराजांची खास गाडी मनाला येईल तेव्हा निघायची आणि तिला वाट मोकळी हवी, म्हणून बाकीच्या गाड्या चिखलीत तास तास उभ्या!

"बा, सांगितलंस का हे?"

"गप, पोरी! जीभ हासडतील."

हौसा तडक दरबारात गेली.

"सरकार, काम होईल. फक्त एक हुकूम लिहून द्या. वेळापत्रकातली गाडी कुणासाठीही थांबणार नाही."

"कुणासाठीही म्हणजे?" दिवाण गुरगुरला.

"तुमच्या सासूबाईंसाठीसुद्धा नाही, दिवाणजी!"

दरबार खो खो हसला. महाराजांनी हसत हसत शिक्का उठवला आणि ते शिकारीला गेले.

सात दिवस गाड्या धडाधड वेळेवर. आठव्या दिवशी भर दुपारी महाराजांची खास गाडी परत आली. हौसानं ती बाजूच्या रुळावर घेतली आणि सिग्नल लाल केला.

"अगं, आत सरकार आहेत!" येसूचा हात खटक्याकडे गेला.

"हात काढ, बा. खोली हवी ना?"

भाजीवाल्यांची पॅसेंजर गेली. वरच्या गावची गाडी गेली. खिडक्यांतून माणसांनी महाराजांना मुजरे केले. दोन तासांनी महाराज घामाघूम होऊन पायीच केबिनपाशी आले.

"माझी गाडी कुणी अडवली?"

"आपणच, सरकार!" हौसानं शिक्क्याचा हुकूम पुढं धरला.

मागून धापा टाकत आलेला दिवाण ओरडला, "पण अट मोडली! सरकारांची गाडी दोन तास उशिरा! येसू, उचल बिऱ्हाड!"

हौसा दिवाणापुढं येऊन उभी राहिली.

"दिवाणजी, वेळापत्रक आहे ना बगलेत? त्यात सरकारांच्या गाडीची वेळ दाखवा."

दिवाणानं पानं उलटली. पुन्हा उलटली. तोंड उतरलं.

"नाही ना? जिची पोचायची वेळच कुणी ठरवली नाही, ती उशिरा आली म्हणता कशावरून? बाकी साऱ्या वेळेवर. शंभरात शंभर, सरकार!"

महाराज असे गडगडून हसले की त्यांचं पागोटं सुटलं.

"दिवाण, उद्यापासून माझी गाडी वेळापत्रकात! येसूची नोकरी अन् खोली जन्मभर कायम! आणि पोरी, हे घे." महाराजांनी खिशातलं सोन्याचं घड्याळ तिच्या हातावर ठेवलं. "आता तरी सोडतेस का मला?"

हौसानं घड्याळात पाहिलं.

"टपालगाडी गेली की, सरकार. अजून अकरा मिनिटं आहेत. बसा!"